मुनीमजींची बोटे आणि नवी टॅली

लातूरच्या मार्केट यार्डात आडतीच्या दुकानावर वर्षानुवर्षे बसणारा मुनीम संगणकावर काम करताना कळफलकाकडे सहसा पाहत नाही. नजर काटापट्ट्यांच्या गठ्ठ्यावर, ओठांवर बेरीज आणि बोटे आपापल्या वाटेने चाललेली, असे त्याचे काम असते. एफ५ म्हणजे दिलेली रक्कम, एफ६ म्हणजे आलेली, एफ८ विक्री, एफ९ खरेदी. कोणती कळ कशाची, असे कोणी अचानक विचारले तर तो क्षणभर थबकतो, बोटे हवेत हलवून पाहतो आणि मग उत्तर देतो. हे ज्ञान जिभेवर नसून बोटांत असते. नोव्हेंबर २०२० मध्ये टॅलीप्राइम बाजारात आली तेव्हा खरा धक्का बसला तो या बोटांना.

टॅली ही मुळात व्यापाऱ्याच्याच घरात जन्मलेली वस्तू. श्यामसुंदर गोयंका यांचा गिरण्या व कारखान्यांना कच्चा माल आणि यंत्रांचे सुटे भाग पुरवण्याचा व्यवसाय होता. स्वतःच्या पेढीचे हिशोब नीट ठेवील असे सॉफ्टवेअर त्यांना मिळेना, तेव्हा त्यांनी गणिताचे पदवीधर असलेले पुत्र भरत यांनाच ते तयार करण्यास सांगितले. १९८६ मध्ये बंगळूरला ही सुरुवात झाली. प्रत्येक खात्याला संकेतांक देण्याची त्या काळची रीत भरत गोयंका यांनी मोडली आणि खाते त्याच्या नावाने शोधता येईल अशी सोय केली. वहीत ज्याप्रमाणे आसामीचे नाव लिहिले जाते, त्याप्रमाणेच संगणकावरही नाव लिहिले जाऊ लागले. मोडी किंवा महाजनी वळणाच्या अक्षरात खतावणी करणारी माणसेही या यंत्रापुढे बसू शकली, याचे मोठे श्रेय या एका निर्णयाला द्यावे लागेल. भरत गोयंका यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांच्या कंपनीने जुन्या ग्राहकांची सवय मोडणारी ही आवृत्ती आणली.

त्याआधीची टॅली ईआरपी ९ ही आवृत्ती २००९ पासून चालत आलेली होती. अकरा वर्षांत ती दुकानाच्या गादीइतकी ओळखीची झाली होती. नव्या आवृत्तीत नेमके काय बदलले हे शांतपणे पाहिले, तर नोंदीच्या मुख्य कळांना कोणी हात लावलेला नाही. एफ४ ते एफ९ जिथे होत्या तिथेच आहेत. नोंद मान्य करण्याची कंट्रोल-ए तीच आणि नोंद करता करता नवे खाते उघडण्याची ऑल्ट-सी सुद्धा तीच. बदल झाला तो आजूबाजूला. पूर्वी एफ१ दाबले की कंपनी निवडता येई. आता एफ१ मदत उघडते आणि कंपनीचे काम एफ३ कडे गेले आहे. क्रेडिट नोट कंट्रोल-एफ८ वर होती, ती ऑल्ट-एफ६ वर गेली. डेबिट नोट कंट्रोल-एफ९ वरून ऑल्ट-एफ५ वर. विक्रीच्या बिलात मालाचा तपशील हवा की केवळ रक्कम, हे पूर्वी ऑल्ट-आय ने ठरत असे, आता कंट्रोल-एच. ‘अकाउंट्स इन्फो’ व ‘इन्व्हेंटरी इन्फो’ ही दोन दारे बंद होऊन ‘क्रिएट’ आणि ‘ऑल्टर’ अशी नवी दारे झाली. घर तेच असून जिन्याची जागा बदलावी, आणि अंधारात उठणाऱ्याचा पाय अडखळावा, तसा हा प्रकार.

अडखळणे लहान असले तरी भर गर्दीत ते लहान राहत नाही. दसऱ्यानंतर लातूरला सोयाबीनची आवक सुरू होते. सौदे निघतात, काटे होतात, आणि आपल्या मालाची पट्टी हातात पडावी म्हणून शेतकरी दुकानाच्या पायरीवर बसलेला असतो. त्याला दिवेलागणीच्या आत गावी परतायचे असते. त्याच्या पट्टीतून हमाली, तोलाई व पूर्वी घेतलेली उचल वजा व्हायची असते. बारदान्याचा हिशोब निराळा. अशा वेळी ज्याच्या बोटांवर दुकानाने वीस वर्षे विसंबून राहावे, तो मुनीम एखाद्या कळीपाशी अडतो. शेजारी मालकाचा मुलगा उभा असतो. पुण्याला वाणिज्य शाखेचे शिक्षण घेऊन नुकताच दुकानात बसू लागलेला हा तरुण नकळत म्हणून जातो, “काका, सरका जरा, मी करतो.”

या पाच शब्दांनी पेढ्यांचे जे नुकसान होते त्याची नोंद कोणत्याही खात्यावर होत नाही. मुनीम सरकतो, मुलगा दोन मिनिटांत पट्टी काढून देतो आणि दुकानातल्या सर्वांचा असा समज होतो की मुनीमजींचे दिवस संपले. वास्तविक मुलाला कळ माहीत असते. पण कोणत्या गावच्या कोणत्या शेतकऱ्याची उचल दोन भावांच्या नावावर विभागलेली आहे, कोणता खरेदीदार दहा दिवसांची मुदत सांगून वीस दिवसांनी पैसे पाठवतो, कोणत्या खात्यावरची बाकी खरी आणि कोणती केवळ वादात अडकलेली, हे त्याला माहीत नसते. हे सारे मुनीमाजवळ असते, आणि ते कोणत्याही आवृत्तीत आपोआप उतरत नाही. हाताची गती मंदावली म्हणजे समज मंदावली, असा अर्थ काढण्याची घाई घराघरांत होते. अवघडलेला मुनीम मग एक तर जुनीच आवृत्ती चालू ठेवण्याचा आग्रह धरतो, किंवा काम सोडून घरी बसतो. दोन्हींत तोटा पेढीचाच.

सवय मोडल्याची ही तक्रार केवळ लातूरची किंवा केवळ वयस्कांची नाही. मायक्रोसॉफ्टने ऑफिस २००७ मध्ये जुने मेनू काढून वर चित्रांची रुंद पट्टी आणली तेव्हा जगभरची कार्यालये कुरकुरली होती. विंडोज ८ मधून २०१२ साली ‘स्टार्ट’चे बटण नाहीसे झाले, आणि पुढच्याच वर्षी ते परत आणावे लागले. ग्राहकाने रेटा लावला तर कंपनीही वाकते, हे खरे. परंतु टॅलीप्राइमच्या बाबतीत माघार झाली नाही, आणि काही बदल मुनीमाच्या सोयीचेच आहेत हेही मान्य करायला हवे. त्यांतला सर्वांत उपयुक्त बदल म्हणजे ऑल्ट-जी. नोंद अर्धवट असताना एखाद्या खरेदीदाराचा फोन येतो, “आमची बाकी किती?” पूर्वी अशा वेळी चालू नोंद सोडावी लागे किंवा दुसरी टॅली उघडून ठेवावी लागे. आता ऑल्ट-जी दाबून नाव टाइप केले की खाते समोर येते, आणि एस्केप दाबत मागे आले की अर्धवट नोंद जशीच्या तशी वाट पाहत असते. जो मुनीम ही एक कळ शिकतो त्याचा नव्या आवृत्तीवरील निम्मा राग ओसरतो. शिकवणाऱ्यानेही सुरुवात येथूनच करावी. जे हरवले त्याची यादी आधी वाचून दाखवण्यात शहाणपण नाही.

आणि बदलाची सवय या बाजारपेठेला नाही असे कोण म्हणेल? गंजगोलाईच्या जुन्या पेढ्यांनी जे बदल पचवले त्यांच्यापुढे कळांची अदलाबदल किरकोळ आहे. १९११ मध्ये बार्शी लाईट रेल्वे लातूरला पोहोचली. लातूर निजामाच्या राज्यात आणि बार्शी इंग्रजी मुलखात. म्हणजे एकाच आगगाडीच्या दोन टोकांना दोन चलने. इकडे हाली शिक्का, तिकडे कलदार. सात हाली रुपये म्हणजे साधारण सहा कलदार. मुनीमाला प्रत्येक परगावच्या व्यवहारात हा सहा-साताचा हिशोब मनात करावा लागे, आणि वहीत कोणता रुपया हे स्पष्ट लिहावे लागे. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आले आणि पुढे हाली शिक्काही हळूहळू व्यवहारातून गेला. त्या चलनाचा हिशोब जन्मभर बोटांवर खेळवलेल्या माणसांचे कौशल्य असेच एका पिढीत निरुपयोगी ठरले.

ते स्थिरावते तोच १ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे आले. रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर पैसे झाले. आणा म्हणजे सव्वासहा पैसे. पण सव्वा पैसा अस्तित्वातच नाही. म्हणून एका आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस आणि चार आण्यांचे पंचवीस, असे कोष्टक करावे लागले. एक-एक आण्याच्या तीन बाक्या वेगवेगळ्या बदलल्या तर अठरा पैसे होतात आणि एकत्र बदलल्या तर एकोणीस. हा एक पैसा कोणाच्या खात्यावर टाकायचा? तेरीज मेळेना म्हणून रात्री जागणाऱ्या मुनीमांची ती पिढी होती. लगोलग मण-शेर जाऊन क्विंटल-किलो आले. तोलार, मुनीम आणि शेतकरी या तिघांनाही एकाच वेळी नवे शिकावे लागले, आणि कदाचित म्हणूनच कोणी कोणाला हसले नाही.

पुढचा बदल मनाला अधिक लागणारा होता. व्यापाऱ्याचे वर्ष दिवाळीला सुरू होई. जैन कुटुंबांत तर वीर निर्वाण संवताचे नवे वर्षही त्याच वेळी उजाडते. वहीपूजन, नवी वही आणि नवे खाते यांचा तो सहज जुळलेला योग होता. आयकर कायद्यातील दुरुस्तीनुसार १९८९ पासून सर्वांसाठी ३१ मार्चला संपणारे वर्ष बंधनकारक झाले. पूजनाची वही आणि हिशोबाचे वर्ष यांची ताटातूट झाली. आज ज्यांना ३१ मार्च हाच वर्षाचा नैसर्गिक शेवट वाटतो, त्यांच्या वडिलांना तो तसा वाटत नव्हता. २००५ चा व्हॅट, २०१७ चा जीएसटी आणि त्याच वर्षी १ एप्रिलला स्टेट बँक ऑफ हैदराबादचे विलीनीकरण, यांविषयी वेगळे सांगायला नको. मराठवाड्यातील कित्येक पेढ्यांनी त्या एका वर्षात बिलाचा नमुना, कराचा क्रमांक, धनादेशाचे पुस्तक आणि शाखेचा आयएफएससी क्रमांक एवढे सगळे बदलले. बँकांतील कर्मचारीही त्याआधी जाडजूड लेजरवरून संगणकावर आणि तिथून कोअर बँकिंगवर आले होते. काउंटरच्या अलीकडे उभ्या असलेल्या व्यापाऱ्याने त्यांचा संथपणा पाहून किती वेळा घड्याळाकडे पाहिले असेल, हेही आठवून पाहण्यासारखे आहे.

म्हणून कळांविषयीची कुरकुर समजून घेता येते. ती महिन्या-दोन महिन्यांत मिटते. नव्या आवृत्तीविषयीची दुसरी कुरकुर मात्र इतक्या सहानुभूतीने ऐकण्यासारखी नाही, आणि ती दबक्या आवाजातच होत असते. ती आहे ‘एडिट लॉग’विषयी. नोंद कोणी केली, कोणत्या तारखेला व किती वाजता केली, पुढे त्यात काय बदलले, कोणती नोंद काढून टाकली, या सर्वांचा माग ही सोय ठेवते. कंपनी कायद्याखालील नियमांत २४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेने अशा मागाची तरतूद आली आणि दोनदा पुढे ढकलली जाऊन १ एप्रिल २०२३ पासून ती लागू झाली. लातूरच्या ज्या डाळमिल प्रायव्हेट लिमिटेड आहेत त्यांना तो माग बंद करता येईल असे सॉफ्टवेअर वापरताच येत नाही. मालकीच्या किंवा भागीदारीच्या दुकानांवर ही सक्ती नाही, आणि साध्या टॅलीप्राइममध्ये तो चालू किंवा बंद ठेवता येतो. बहुतेक दुकाने तो बंद ठेवतात. “आपल्याला काय गरज?” असे त्यावरचे उत्तर असते.

गरज कोणाला, हे जुनी वही उघडून पाहिल्यास कळते. लाल कापडाच्या बांधणीच्या वहीत चूक झाली तर तिच्यावर रेघ मारली जाई आणि खाली दुरुस्तीची नोंद होई. रेघेखालचा आकडा वाचता येई. पान फाडले तर शिवण बोले, मागाहून नोंद घुसडली तर शाईचा रंग आणि ओळींची दाटी बोले. वहीला जी पत होती ती तिच्यात चुका नसत म्हणून नव्हे. चुका दिसत म्हणून होती. टॅलीने हिशोब वेगवान केला, पण ही एक गोष्ट तिने बिघडवली. एफ२ ने तारीख मागे नेता येऊ लागली, ऑल्ट-डी ने नोंद पुसता येऊ लागली आणि पानावर ओरखडाही राहीना. जुन्या आवृत्तीतही लेखापरीक्षकासाठी बदलांची नोंद ठेवण्याची सोय होती, पण ती चालू करणारे थोडे. अशा अर्थाने एडिट लॉग ही नवी गोष्ट नाही. वहीच्या शिवणीचेच काम तो करतो.

पेढीला याचा उपयोग कुठे होतो? कॅश क्रेडिटची मर्यादा घेतलेला व्यापारी दरमहा बँकेला मालसाठ्याचे विवरण देतो. वर्षअखेरीस ताळेबंद येतो तेव्हा मार्चच्या विवरणातील साठा आणि ताळेबंदातील साठा यांत फरक निघतो. बहुधा त्यात लबाडी नसते. एखादी खरेदी उशिरा नोंदलेली असते, एखादे बिल मागच्या तारखेला टाकलेले असते. पण सहा महिन्यांनी ते कोणालाच आठवत नाही. मुनीम गोंधळतो, मालक मुनीमावर चिडतो आणि मर्यादेच्या नूतनीकरणाचा कागद टेबलावर पडून राहतो. अशा वेळी नोंद केव्हा व कोणी बदलली याचा माग हाच मुनीमाचा साक्षीदार असतो. ज्याच्यावर संशय घेतला जातो त्यालाच या सोयीचा आधार अधिक आहे, ही गोष्ट मुनीमांना कोणी समजावून सांगत नाही.

अर्थात, त्यासाठी एक जुनी खोड सोडावी लागेल. कित्येक दुकानांत मालक, मुलगा, मुनीम आणि अर्धवेळ येणारा मुलगा असे चौघेही एकाच नावाने व एकाच पासवर्डने टॅली उघडतात, आणि तो पासवर्ड बहुधा मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला असतो. मग एडिट लॉग चालू असूनही प्रत्येक बदल एकाच नावावर पडतो. चौघांची चार नावे करून देणे हे दहा मिनिटांचे काम आहे.

बदल केव्हा करावा, याबाबत लातूरच्या बाजाराचे स्वतःचे पंचांग आहे. ऑक्टोबर ते डिसेंबर सोयाबीन, जानेवारीपासून तूर, पाठोपाठ हरभरा; या काळात नवी आवृत्ती बसवणे म्हणजे लग्नाच्या दिवशी स्वयंपाकघराला रंग काढणे. एप्रिल सोयीचा वाटतो, पण तेव्हा मागील वर्षाचे दुरुस्तीचे काम शिल्लक असते आणि सप्टेंबरअखेर लेखापरीक्षणाची घाई. खरी सवड मिळते ती पेरण्या आटोपल्यावर, चातुर्मासाच्या सुरुवातीला. आवक मंदावलेली असते आणि दुपारी दुकानात शांतता असते. त्या आधीचा सराव टॅलीच्या शैक्षणिक आवृत्तीवर विनाखर्च करता येतो. तिच्यात महिन्याच्या केवळ १, २ व ३१ या तारखांच्या नोंदी होतात, पण बोटे वळवायला तेवढ्या पुरतात. मुलाने मुनीमजींना शिकवावे, आणि त्याच बैठकीत मुनीमजींनी मुलाला खात्यामागून एक खाते घेऊन आसामींची माहिती द्यावी. रोज दहा खाती म्हटली तरी पावसाळा संपेपर्यंत बहुतेक पेढ्यांची खतावणी पूर्ण होते. पहिले पंधरा दिवस बदललेल्या सात-आठ कळांची चिठ्ठी मोठ्या अक्षरांत समोर लावलेली असावी. ती मुनीमजींनी स्वतःच्या हाताने लिहिली तर अधिक बरे. हाताने लिहिलेले लवकर बोटांत उतरते.

जुन्या विदेबाबत एक दक्षता अत्यावश्यक आहे. २०२३ मध्ये आलेल्या टॅलीप्राइमच्या ३.० या आवृत्तीपासून जुनी विदा नव्या साच्यात रूपांतरित करावी लागते, आणि एकदा रूपांतर झाले की ती जुन्या आवृत्तीत पुन्हा उघडत नाही. जीएसटी कायद्यानुसार हिशोब संबंधित वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. म्हणून रूपांतरापूर्वीची संपूर्ण प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर घ्यावी, ती एकदा उघडून तेरीज जुळते का पाहावे, आणि वर्ष, आवृत्ती व तारीख लिहिलेली चिठ्ठी तिला बांधून, तिजोरीत ज्या खणात जुन्या वह्या आहेत त्याच खणात ती ठेवावी.